पाठीमागची गादी

मंडळी, आधी एक टाळी वाजवतो. ऐकलंत? टाळी संपली तरी मागे ‘टर्रर्र’ उरलं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत आवाज टप्पे खातोय. घरी गेलात की गाणं रेकॉर्ड करायच्या खोलीत हे करून बघा, माइक घ्यायच्या आधी.

मी उलटं केलं. आधी कंडेन्सर माइक, म्हणजे वीज लागणारा नाजूक कानाचा माइक घेतला, त्याला लागणारे 48 व्होल्ट पुरवणारा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा घेतला आणि दहा बाय दहाच्या खोलीत यमन गायलो. ऐकतो तर न्हाणीघरात बसून गायल्यासारखं! मग भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. त्यांनी वरची सळसळ जराशी खाल्ली, घुमारा होता तिथंच राहिला, आणि झुरळं तेवढी वाढली. 100 हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला पातळ पुठ्ठा काय अडवणार? कापसाची जाड गादी निदान मधल्या पट्टीतला गोंगाट तरी गिळते.

पण गादी ठेवायची कुठे? बहुतेक जण ती माइकच्या मागे उभी करतात, मीही केली होती. आपला माइक बहुधा कार्डिऑइड असतो, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीकडे जवळजवळ बहिरा. त्याच्या समोर कोण? तुम्ही, आणि तुमच्या मागची भिंत. तिच्यावरून परतलेला आवाज थेट त्याच्या कानात शिरतो. म्हणून पहिली गादी गायकाच्या पाठीशी. मी शेवटी आईचं साड्यांचं कपाट सताड उघडलं आणि त्याला पाठ करून उभा राहिलो. “इस्त्री मोडली तर बघ,” एवढं ऐकून घ्यावं लागलं, पण न्हाणीघर गेलं.

घरचं रेकॉर्डिंग म्हणजे दुय्यम, असं मात्र समजू नका. 1902 साली कोलकात्यात गायिका गौहर जान तबकडीसाठी हॉटेलच्या खोलीतच गायल्या, तेही रेकॉर्डिंग यंत्राच्या भोंग्यात तोंड घालून. आपल्याला माइकपासून एक वीत अंतर पुरतं. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा होता तेवढाच राहतो. फार जवळ गेलात तर मात्र खर्ज फुगतो, आणि ‘प’, ‘भ’चे फटके बसतात. त्या फटक्यांसाठी पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची जाळी लावा.

बाकीचं पटकन सांगतो. रेकॉर्डिंग 24 बिटवर घ्या, म्हणजे बारीक आवाजही नीट उतरतो; सगळ्यात जोरकस सूर पातळीच्या काट्यावर वजा 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या. हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा, नाहीतर त्यात वाजणारा तानपुरा माइकमध्ये गळतो. पंखा बंद. आणि गादीनं शेजारच्या कुकरची शिट्टी थांबत नाही, म्हणून रात्री अकरानंतर बसा.

काय म्हणालात? गादी एकच आहे, आणि अकरानंतर तिच्यावर वडील झोपतात? मग ललत घ्या. पहाटे ते उठले की गादी मोकळी, आणि वेळही रागाचीच.