फासे की पत्ते? 'क्थुलू' आणि 'फाल्केनस्टाईन'

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय: व्हिक्टोरियन लंडन 'कॉल ऑफ क्थुलू' या भयकथांच्या रोलप्लेइंग खेळातही (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायचं, असा खेळ) खेळता येतं, मग 'कॅसल फाल्केनस्टाईन' हा रोलप्लेइंग खेळ वेगळा कशाला?

ओळख पटकन उरकते. 'क्थुलू' १९८१चा, सँडी पीटरसनचा. मूळ काळ १९२०चं दशक. १८९०च्या दशकातलं लंडन १९८६च्या 'क्थुलू बाय गॅसलाइट'मधून आलं. 'फाल्केनस्टाईन' १९९४चा, माइक पाँडस्मिथचा. त्यात १८७०च्या दशकातला युरोप आहे, पण जादू, ड्रॅगन आणि वाफेच्या अचाट यंत्रांचा.

आता 'क्थुलू'मधली सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मानसिक संतुलनाचे गुण. इथे जवळजवळ प्रत्येक नवा गट अडखळतो. एका फटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी गेली, की बुद्धीचा रोल करायचा, म्हणजे १ ते १००चे फासे टाकायचे; आकडा पात्राच्या बुद्धीइतका किंवा कमी आला तर रोल यशस्वी. तो यशस्वी झाला तर पात्राचं भान सुटतं. हो, यशस्वी झाला तर! प्राध्यापकाची बुद्धी ८०, फासे पडले २५. समोर काय उभं आहे ते त्याला पुरतं उमगलं, म्हणून तो कोसळला. शेजारच्या हवालदाराची बुद्धी ४०, फासे ७०. त्याच्या मनाने ते दृश्य दडपून टाकलं, म्हणून तो अजून धड आहे.

"आम्ही हे उलटं खेळतो, हुशार माणूस सावरायला हवा," असं बरेच जण लिहितात. कृपा करून नका खेळू! या खेळात कळणं हाच घाव आहे. 'क्थुलू मिथॉस'चं, म्हणजे या खेळातल्या अमानवी भयंकर शक्तींचं, ज्ञान जितकं वाढतं, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९वरून खाली येते. आमच्या टेबलावर एका मैत्रिणीने हा रोल जिंकला, आनंदाने ओरडली आणि अर्थ लक्षात येताच गप्प झाली. तो नियम उलटा केला असता, तर ती भीती तिला मिळालीच नसती.

'फाल्केनस्टाईन'मध्ये फासेच नाहीत. त्या जगातल्या खानदानी मंडळींना ते शोभत नाहीत. हातात चार पत्ते असतात. किलवर शारीरिक कामाला, बदाम भावनांना, चौकट बुद्धीला, इस्पिक समाजातल्या वजनाला. पात्राचं तलवारबाजीचं कौशल्य ६ असेल आणि किलवरचा राजा (किंमत १३) टाकला तर एकूण १९. बदामचा राजा टाकलात तर रंग जुळत नाही म्हणून त्याची किंमत फक्त १, म्हणजे एकूण ७. नशीब तुमच्या हातात आहे, ते कधी खर्चायचं हे तुम्ही ठरवता. म्हणून तिथे माणसं झुंबरावर लटकून बेधडक उडी घेतात.

एकाने विचारलंय, 'गॅसलाइट'ला हेच पत्ते वापरले तर? माझ्या मते नको. राजा आधीच हातात दिसत असेल, तर सॅनिटीच्या रोलला कोण घाबरणार?