आज्ञा आतून आली तर?

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धावरच्या विज्ञानकथांत एक सैनिक पुन्हा पुन्हा भेटतो. आधी त्याला पोलादी हात मिळतो, मग अंधारात पाहणारा डोळा, मग भीती मारणारं औषध. दर वेळी तो अधिक सुरक्षित होतो आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. मला मात्र हातापायांच्या बदलाची तेवढी धास्ती वाटत नाही. कृत्रिम पाय लावलेला माणूस पुरता माणूसच असतो. धास्ती वाटते ती मनाला हात घातला जातो तेव्हा.

अमेरिकन लेखक जो हाल्डमन व्हिएतनाममध्ये लढला, जखमी झाला. १९७४ साली त्याची ‘द फॉरएव्हर वॉर’ ही कादंबरी आली. तिच्यात परग्रहावरच्या हल्ल्याआधीच सैनिकांच्या मनात संमोहनाने खोट्या आठवणी पेरलेल्या असतात. शत्रूचे भयंकर अत्याचार, कधीच न घडलेले. ऐन वेळी ठरलेला इशारा होतो आणि त्या जाग्या होतात. नायक भौतिकशास्त्र शिकलेला आहे. हे सगळं बनावट आहे, हे त्याला त्या क्षणीही कळत असतं. तरी रक्त उसळायचं ते उसळतंच. समोरच्या परग्रहवासीयांना धड लढताही येत नाही, आणि त्यांची कत्तल होते.

नंतर त्याला किळस येते. वरिष्ठांचा हुकूम होता, असं म्हणून सुटावं, तर हुकूम त्याच्याच मनाच्या तळातून आलेला. त्याहून वाईट शंका पुढे आहे: आपल्या पूर्वजांनी हेच, तेही माणसांवर, कुठल्याही संमोहनाविना केलं असतं. इथे हाल्डमन सगळा दोष यंत्रणेवर ढकलत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो.

आणि हे सगळं काही कल्पनेतलं नाही. १९४० साली एप्रिल ते जुलैदरम्यान जर्मन सैन्याकडे मेथॅम्फेटामाइनच्या सुमारे साडेतीन कोटी गोळ्या गेल्या. पर्व्हिटिन हे त्यांचं गाजलेलं नाव. झोप पळायची, थकवा जाणवायचा नाही, सैन्य पुढे सरकत राहायचं. डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाच्या नीतिविषयक समितीने सैनिकांच्या क्षमता वाढवण्यावरच्या संशोधनाला मुभा दिली. सैनिकाची स्वतंत्र इच्छा किंवा माणुसकी हिरावणारे बदल मात्र नकोत, असंही बजावलं.

ही रेघ मला मनापासून पटते. पण शेजारचे सगळे न झोपता, न घाबरता लढत असताना ‘मला ती सुई नको’ असं एखादा सैनिक म्हणू शकेल का? म्हणालाच, तर तुकडीतले साथीदार उद्या त्याच्या भरवशावर पुढे जातील का? या सैनिकाच्या कथा मला हव्या आहेत. विजेत्या महामानवांच्या आपल्याकडे भरपूर झाल्या.