दोराची दोन टोकं

(पडद्यावर अंधार. फक्त आवाज : घर्र... क्षणभर शांतता... पुन्हा घर्र.)

पहाटेचे पाच वाजलेत. चाळीसगावकडून पाटणादेवीला जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. मागच्या पडवीत ताक घुसळणं चाललंय.

(उजेड हळूहळू वाढतो. मातीचा डेरा, लाकडी रवी, आजींचे हात.)

आजींना वय विचारलं तर आकडा सांगत नाहीत, दुष्काळ सांगतात. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या पदरात दोन लेकरं होती. घरात मिक्सर आहे, सून त्यात पाच मिनिटांत लोणी काढते. आजींना ते पटत नाही. "ते लोनी नही, फेस शे," एवढंच म्हणतात आणि पुन्हा दोर ओढतात.

जरा नीट बघून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट या पडवीतच आहे. डेरा चुंबळीवर बसवलाय, म्हणजे तो कलंडत नाही. रवी उभी राहावी म्हणून तिला दोरीच्या फासांनी घुसळखांबाशी अडकवलंय. रवीच्या दांड्याला दोराचे वेढे आहेत आणि दोराची दोन टोकं दोन हातांत. उजवा हात ओढतो तेव्हा डावा सोडतो. डावा ओढतो तेव्हा उजवा. दोन्ही हात एकदम ओढायला लागले तर रवी जागची हलणार नाही.

(दृश्य बदलतं. शहरातलं सभागृह, रिकाम्या खुर्च्या, मंचामागे 'विचारमंथन' असा फलक.)

'मंथन' हा शब्द आज आपल्याला भेटतो तो इथे. शिबिराच्या फलकावर, पक्षाच्या बैठकीच्या बातमीत. सकाळी मंथन, दुपारी जेवण, संध्याकाळी आभारप्रदर्शन. लोणी कोणी खाल्लं ते विचारायचं नाही.

शब्द मात्र जुना आणि अंगमेहनतीचा आहे. संस्कृत धातुपाठात त्याचा अर्थ एका शब्दात दिलाय : 'मन्थ विलोडने'. विलोडन म्हणजे ढवळणं, घुसळणं. याच धातूपासून मनाला घुसळून काढणारा मन्मथ आला. गीतेत अर्जुन मनाला 'प्रमाथि' म्हणतो, तोही यातलाच. पंचांगातल्या साठ संवत्सरांत मन्मथ आणि प्रमाथी असे दोघंही आहेत, तेव्हा कुठल्या वर्षी काय घुसळलं जाणार याची सोय आधीच करून ठेवलेली दिसते.

(दृश्य : पिंपळाची वाळलेली फांदी. दोन लाकडांचं घर्षण, धूर.)

पण वेदांत हा शब्द शोधायला गेलं की आधी लोणी भेटत नाही. आग भेटते.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं एकोणतिसावं सूक्त 'अस्तीदमधिमन्थनम्' असं सुरू होतं. ही मंथनाची सामग्री, ही जन्माची तयारी. दोन अरणी : एक खाली आडवी, दुसरी वर. अश्वत्थाच्या, म्हणजे पिंपळाच्या लाकडाची अरणी, आणि तो पिंपळही शमीच्या झाडावर उगवलेला असला तर उत्तम. वरचं लाकूड दोरीनं फिरवायचं, अगदी रवीसारखं. अग्नी लाकडात दडलेलाच आहे, तो बाहेर काढायचा. म्हणून त्या सूक्तात अग्नी हे या दोन लाकडांचं बाळ आहे. सहाव्या मंडलात अथर्वा ऋषी तर अग्नीला कमळातून मथून काढतो.

इथे एक गंमत आहे. पहिल्या मंडलात अग्नी आणि सोम (यज्ञातल्या पेयाची वनस्पती) यांच्याबद्दल एक ऋचा येते. मातरिश्वा नावाचा देवदूत एकाला, म्हणजे अग्नीला, आकाशातून घेऊन आला आणि श्येन, म्हणजे ससाणा पक्ष्यानं दुसऱ्याला डोंगरावरून... पुढे क्रियापद आहे 'अमथ्नात्'. ससाणा काही डोंगरावर ताक घुसळत नव्हता. त्यानं सोम झडप घालून पळवला. म्हणूनच भाषेचे आधुनिक अभ्यासक म्हणतात की हे मुळात दोन धातू असावेत, एक घुसळण्याचा आणि एक हिसकावण्याचा, आणि पुढे ते एकमेकांत मिसळले. मला हे वाचल्यावर गोकुळातला माखनचोर आठवला. घुसळणारी एक, पळवणारा दुसरा, आणि शब्द दोघांना पुरणारा.

(पुन्हा पडवी. आजी डेऱ्यात डोकावतात, मान हलवतात.)

लोणी अजून आलेलं नाही. उन्हाळा आहे. आजी माठातलं गार पाणी डेऱ्यात सोडतात. थंडीत हेच पाणी कोमट लागतं. दह्यातल्या स्निग्धाचे कण पातळ पडद्यात गुंडाळलेले असतात. घुसळण्यानं पडदे फाटतात आणि कण एकमेकांना चिकटत जातात. फार गरम असेल तर ते विरघळून पसरतात, फार गार असेल तर चिकटतच नाहीत. आजी हे बोटानं तपासतात.

(दृश्य : उंबराचं झाड, खोडाला लगडलेली फळं.)

उपनिषदांच्या काळी 'मन्थ' हा एक पदार्थही होता. बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायात ज्याला मोठं व्हायचंय त्याच्यासाठी एक विधी सांगितलाय. सगळी सामग्री उंबराच्या लाकडाची : स्रुवा म्हणजे पळी, चमस म्हणजे पेला, समिधा आणि घुसळायच्या दोन काड्याही. त्यात दहा प्रकारचं धान्य : भात, जव, तीळ, गहू, मसूर आणि हो, उडीदसुद्धा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत जातो, तोच उडीद. ते दळून दही, मध आणि तुपात भिजवायचं, घुसळायचं, आहुती द्यायची आणि उरलेलं प्यायचं. उपनिषद पुढे म्हणतं की हा मन्थ वाळलेल्या खुंटावर ओतला तरी त्याला फांद्या फुटतील, पानं येतील.

श्वेताश्वतर उपनिषदात हा सगळा संसार आत घेतलाय. स्वतःचा देह खालची अरणी, ॐकार ही वरची, 'उत्तरारणि', आणि ध्यान हे घुसळणं. लाकडात लपलेल्या आगीसारखा आत लपलेला देव त्यातून दिसतो. 'उत्तरारणि' हा शब्द ध्यानात ठेवा, डोंगराच्या पलीकडे तो पुन्हा भेटणार आहे.

(दृश्य : पाटणादेवीचा परिसर. सातमाळा डोंगररांगेचे कडे, चंडिकेचं मंदिर.)

पाटण्याची दरी नकाशावर लहान दिसते. इथे चंडिकेचं देऊळ आहे, डोंगरात नागार्जुन कोठी नावाचं जैन लेणं आहे, आणि डोंगर ओलांडून पलीकडे कन्नड तालुक्यात उतरलं की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. तीन परंपरा, एका दिवसाची पायपीट. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं इथे मठ काढला होता, पण गणित हा आपला आजचा विषय नाही.

खानदेशात समुद्रमंथन कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांत 'लक्ष्मीः कौस्तुभपारिजातकसुरा' ऐकत अक्षता टाकलेल्या असतात. चौदा रत्नं पाठ असतात. या यादीत सुराही, म्हणजे दारूही आहे, हे मात्र मांडवात कुणाच्या ध्यानात येत नाही. रत्नांची यादी ग्रंथागणिक बदलते, क्रमही बदलतो.

आता ती गोष्ट आजींच्या पडवीतून बघा. मंदार पर्वत म्हणजे रवी. वासुकी म्हणजे दोर. डोंगर बुडायला लागला तेव्हा खाली पाठ देणारा कूर्म म्हणजे चुंबळ. आणि भागवतात विष्णू वरूनही हातानं डोंगर दाबून धरतो, तो घुसळखांबाचा वरचा फास. गवळ्याच्या घरात रोज पाहिलेलं असल्याशिवाय ही कथा कुणाला सुचली नसती. आमच्या अहिराणीचं नावही अहिरांवरून, गुरं राखणाऱ्यांवरून आलं असं मानतात, त्यामुळे मला या कथेत जरा घरच्यासारखं वाटतं.

भागवतात देव आधी वासुकीच्या तोंडाकडे उभे राहतात. असुर अडून बसतात : शेपूट अमंगल, आम्ही ती धरणार नाही. विष्णू हसतो आणि देवांसह शेपटीकडे जातो. पुढे वासुकीच्या तोंडातून धूर आणि ज्वाळा निघाल्या त्या असुरांच्या अंगावर. मानाचं टोक हट्टानं मागून घेतलं आणि भाजून निघाले. शिवाय त्या घुसळण्यातून सगळ्यात आधी अमृत आलं नाही, हलाहल आलं.

(दृश्य : पितळखोरे. धबधब्याची कोरडी वाट, चैत्यगृहाचे खांब.)

पितळखोऱ्याच्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याचं नाव कोरलंय. अत्तराचा व्यापारी, त्यानं खांब दान केला. बौद्ध परंपरेत व्यापाऱ्यांचा मान पहिल्या दिवसांपासूनचा. बोधीनंतर बुद्धाला पहिलं अन्न दिलं ते तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी. काय दिलं? पाली ग्रंथ सांगतात, मन्थ आणि मधाचे गोळे.

पण बुद्धाला घुसळण्यात रस आहे तो वेगळ्याच कारणानं. महासच्चक सुत्तात तो सांगतो की तपश्चर्येच्या काळात त्याला तीन उपमा सुचल्या. पाण्यात पडलेलं ओलं लाकूड. कोरड्या जमिनीवर आणलेलं, पण अजून ओलंच लाकूड. आणि कोरड्या जमिनीवरचं वाळलेलं लाकूड. माणूस उत्तरारणी घेऊन येतो आणि घासायला लागतो. पहिल्या दोहोंतून आग निघेल? तिथे नुसता घाम निघेल.

भूमिज सुत्तात तर थेट डेराच आहे. कळशीत पाणी ओतलं आणि रवीनं घुसळलं, तर मनात आशा धरा किंवा धरू नका, लोणी येणार नाही. कळशीत दही असेल आणि घुसळलं, तर आशा धरा किंवा धरू नका, लोणी येईल. श्रद्धा, नवस, इच्छा या सगळ्यांना इतक्या थंडपणे बाजूला काढणारं वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वेदातल्या ऋषीचं लक्ष लाकडातल्या आगीकडे होतं, पुराणकाराचं दोराच्या टोकांकडे. बुद्ध आधी विचारतो, डेऱ्यात आहे काय?

(दृश्य : नागार्जुन कोठीची ओसरी, दगडावरची सावली.)

जैनांकडे हा शब्द विश्वाएवढा होतो. केवलज्ञानी, म्हणजे संपूर्ण ज्ञान झालेल्या जीवाचं आयुष्य संपत आलेलं असतं, पण बाकी काही कर्मं त्याहून जास्त उरलेली असतात. ती बरोबरीला आणण्यासाठी जीव शरीराबाहेर पसरतो. पहिल्या क्षणी दंडासारखा. दुसऱ्या क्षणी कपाटासारखा, म्हणजे दाराच्या फळीसारखा. तिसऱ्या क्षणी मंथान, म्हणजे रवीच्या आकाराचा. चौथ्या क्षणी सारं विश्व भरून टाकतो. आणि उलट क्रमानं आवरत आठव्या क्षणी पुन्हा शरीरात. याला केवलीसमुद्घात म्हणतात. दिगंबर ग्रंथांत तिसऱ्या टप्प्याला प्रतर असंही नाव आहे. चार क्षणांत विश्व व्यापायचं आणि त्याची आकृती शोधायला स्वयंपाकघरात यायचं, ही मला फार आवडलेली गोष्ट.

पण ज्याच्यासाठी तुम्हाला सुरुवातीला आजींचे हात बघायला लावले, ते हे. आचार्य अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायाच्या शेवटी एक श्लोक आहे. जैन नीतीचा, म्हणजे जैन विचारपद्धतीचा जय असो, असं म्हणताना ते तिला गोपीची उपमा देतात. गोपी घुसळण्याच्या दोराचं एक टोक ओढते, तेव्हा दुसरं सैल सोडते. टाकून देत नाही, हातातच ठेवते. वस्तूच्या एका बाजूबद्दल बोलताना दुसरी बाजू तशी सैल धरायची. वस्तूला अनेक बाजू असतात, हा जैनांचा अनेकान्तवाद. त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मला तो कळला तो या श्लोकात. तिथे दोरासाठी शब्द आहे 'नेत्र'. संस्कृतात डोळा आणि रवीचा दोर, दोन्हींना एकच शब्द.

(आजींच्या हातांचं जवळून दृश्य. ओढणारा हात. सोडणारा हात.)

(दृश्य : तापी, बुऱ्हाणपूरचे घाट.)

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण एके काळी खानदेशची राजधानी तीच. नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये इथे थांबले होते, त्यांच्या आठवणीचा गुरुद्वारा आहे. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच ग्रंथात कबीरांचं घुसळण्याचं पद आहे. 'हरि का बिलोवना बिलोवहु मेरे भाई, सहजि बिलोवहु जैसे ततु न जाई.' शरीराचा माठ, मनाचं घुसळणं. पण सहज घुसळा, हळू, नाहीतर सत्त्व निसटून जाईल. कबीरांना मिक्सर माहीत नव्हता, तरी आजींचं म्हणणं त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं दिसतं.

(दृश्य : मुक्ताईनगर. पालखीची तयारी, टाळ.)

आणि तापीकाठीच, मुक्ताईच्या गावी, संध्याकाळी हरिपाठ लागतो. दुसऱ्याच अभंगात ज्ञानोबा म्हणतात, 'मंथुनी नवनीता तैसें घे अनंता'. चार वेद, सहा शास्त्रं, अठरा पुराणं हे सगळं दही. घुसळून लोणी तेवढं घ्या, वायफळ कथा सोडा. इतक्या ग्रंथांची नावं घेऊन मी हे निवेदन लिहितोय आणि पाठीमागे टाळांवर हे चाललंय. ऐकून जरा ओशाळायला झालं.

(पुन्हा पडवी. ऊन ओसरीवर आलंय. घर्रचा आवाज बदललेला, जड, थोपटल्यासारखा.)

आवाज बदलला ना? आजींनी मान वर केली. रवीच्या पाकळ्यांना पिवळसर कण चिकटलेत. दोराचा वेग त्यांनी कमी केला, मग दोर सोडून खुंटीला लावला. हात गार पाण्यात बुडवून कण गोळा केले, तळहातावर थापटत गोळा केला, दोनदा धुतला. मुठीएवढं लोणी. दीड तासाचं काम.

माझ्यासाठी भाकरीवर लोण्याचा गोळा आणि बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा आला. तोपर्यंत दारात शेजारची मुलगी तांब्या घेऊन उभी होती. ताक विकायचं नसतं. आजींनी तांब्या काठोकाठ भरला, वर दोन बोटं लोणी सोडलं आणि तिला म्हणाल्या, उद्या दोर धरायला लवकर ये.