काळ्या मातीतली केबिन

(दृश्य: पहाटेचं शेत. बाभळीखाली उभा असलेला लांब नाकाचा ट्रक.)

जालन्याजवळच्या आमच्या वावरात, बांधावरच्या बाभळीखाली हा ट्रक २२ वर्षं उभा होता. टाटा-मर्सिडीज. टाटांचा त्या जर्मन कंपनीशी करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत चालला. तोवर जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असायची. याच्या जाळीवर ती अजून शाबूत आहे. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी याच ट्रकनं मिलो ज्वारीची आणि सुकडीची पोती गावोगाव पोचवली. म्हणून भंगारवाला दारात आला, तेव्हा आज्जीनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

केबिन कंपनीची नाही. त्या काळी बहुतेक ट्रक कारखान्यातून चासी, इंजिन आणि पुढचं बॉनेट एवढ्यावरच यायचे. केबिन बॉडीबिल्डर बांधायचा, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून. त्यामुळे हिच्यासारखी दुसरी केबिन विकत मिळणार नाही. आहे तीच वाचवायची.

(दृश्य: हातोडी. पत्र्याचा आवाज.)

मिस्त्रीचाचांनी पहिल्या दिवशी ग्राइंडरला हातच लावला नाही. छोटी हातोडी घेऊन ते केबिनभोवती टकटक करत फिरले. टप खणखणीत. दाराचा वरचा भाग खणखणीत. दाराच्या तळाशी आले आणि आवाज बसला. पुढच्या ठोक्याला हातोडी आरपार गेली.

"लेकरा, इथं पत्रा राहिलाच नाही. नुसता रंग उभा आहे."

दाराचा आतला पत्रा उघडला तर ढेकळं निघाली. काळी माती, तिच्यात कुजलेला बाभळीचा पाला. काच ज्या फटीतून खाली-वर होते, तिथून पावसाचं पाणी दारात उतरणारच. म्हणून तर तळाला भोकं ठेवलेली असतात. ती सगळी मातीनं बुजलेली. आपली काळी माती ओल धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते, आणि त्याच ओलीनं हे दार तळातून खाल्लं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या घडीत शिरला की त्यांना आतून फाकवतो. चाचा म्हणतात, पत्रा फुलला.

मग कापाकापी. कुजका भाग सोडून थेट चांगल्या पत्र्यापर्यंत. जोडायला १८ गेजचा, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरचा पत्रा. सीओटू वेल्डिंगचा एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मग थांबायचं, हात लावून पाहायचं. सलग ओढलं तर पत्रा तापून वाकडा होतो. एका दाराला दीड दिवस लागला. घडीत जिथं ब्रश पोचत नाही, तिथं फॉस्फोरिक ॲसिडचं औषध: लाल गंजाचा काळपट, करडा थर होतो. तो धुवून, पूर्ण वाळवून मगच प्राइमर. सांगाड्याची खालची पट्टी सुतारानं बदलली.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. भोकावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारू नका. लांबी ओल शोषते, आणि खाली गंज चालूच राहतो. वर्ष-दोन वर्षांत तिथंच पोपडा उठतो.

ड्रायव्हरच्या खिडकीचा काठ आजोबांच्या कोपरानं घासून गुळगुळीत झालेला. तिथं चाचांनी रंग दिला नाही, नुसतं पारदर्शक लॅकर मारलं.

(दृश्य: रंगवलेली केबिन. चाचांच्या हातात बादली.)

शेवटी चाचा टपावर चढले आणि बादलीभर पाणी ओतलं. आम्ही सगळे दाराखाली उकिडवे बसलो. पाणी काचेवरून ओघळलं, फटीतून आत गेलं. पहिल्या भोकातून धार लागली, मग दुसऱ्यातून. तिसऱ्यातून थेंबथेंब.

चाचांनी खिशातून तार काढली आणि तिसरं भोक मोकळं केलं.