दोन न्यायासनांवरचे न्यायमूर्ती

नमस्कार श्रोतेहो. आज इंग्लंडचे निवृत्त न्यायमूर्ती सर मार्क हेडली यांच्याविषयी. २००२ ते २०१३ ते तिथल्या उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागात होते, आणि लिव्हरपूल धर्मप्रांताचे चान्सलरही. चान्सलर म्हणजे चर्चच्या कोर्टाचा न्यायाधीश. चर्चमधली जुनी बाकं काढायची असोत की थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते ठरवायचं असो, परवानगी त्याची लागते.

पण मला सांगायची आहे ती पोर्ट्समथच्या एका मुलीची हकिकत. ऑक्टोबर २००३मध्ये, दिवस भरण्याच्या तीन महिने आधी ती जन्मली. वजन अर्ध्या किलोहूनही कमी. अर्धा किलो साखरेची पुडी हातात धरून बघा, त्याहून हलकी! वर्षभरानंतरही तिचं डोकं प्राणवायूच्या प्लॅस्टिकच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा श्वास थांबला तर यंत्रावर ठेवू नये, तिचे हालच होतील. आईवडील म्हणाले, ठेवा.

प्रकरण हेडलींसमोर आलं. त्यांनी लिहिलं, की याची मूळ तत्त्वं संसदेच्या कायद्यांत नाहीत, कोर्टाच्या निकालांतही नाहीत. ती माणसाच्या मनाच्या तळाशी असतात. देवानं आपल्या प्रतिमेत माणूस घडवला म्हणून म्हणा, नाहीतर नुसत्या माणुसकीपोटी म्हणा. चर्चचं काम करणारा हा माणूस, पण देव न मानणाऱ्यालाही त्यानं सोबत घेतलं. निकाल असा सर्वांना कळणारा हवा. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टात मराठी निकालपत्रसुद्धा पक्षकाराला वकिलाकडून समजून घ्यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

ऑक्टोबर २००४मध्ये त्यांनी डॉक्टरांच्या बाजूनं हुकूम दिला. यंत्रावर ठेवू नये. पोर हिवाळा काढेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

पोरीनं हिवाळा काढला! प्राणवायू कमी लागू लागला, आवाजाला ती प्रतिसाद देऊ लागली. आईवडील परत कोर्टात आले, आणि ऑक्टोबर २००५मध्ये हेडलींनी स्वतःचाच हुकूम उठवला. ऐकताय ना? स्वतःचाच हुकूम, स्वतःच उठवला. २००६च्या फेब्रुवारीत तिची प्रकृती ढासळली, तेव्हा पुन्हा तेच बसले, पुन्हा सगळं ऐकून घेतलं, आणि डॉक्टरांना पुन्हा मुभा दिली. मुलीची प्रकृती बदलली की हुकूम बदलला.

उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी लिव्हरपूलचं चान्सलरपद सांभाळलं. बाकं, खिडक्या, थडग्यांवरच्या ओळी.

नमस्कार.