मिठाने रुचकर केलेले बोलणे

श्रोतेहो, नमस्कार. संक्रांतीला आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला सांगतो, आणि सांगली जिल्ह्यात ऊस आणि गुळाची वाण कधीच नसल्यामुळे गोड बोलणे आपल्याला नवे नाही. तरीही ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे हे कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै या प्राचीन नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्राने कळवताना प्रेषित पौलाने दाखला दिला तो मिठाचा. तुमचे बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केल्यासारखे असावे, असे त्याने बंदिवासातून लिहिले. मीठ आमटीत दिसत नाही, पण नसले तर पहिल्याच घासाला कळते, आणि जास्त पडले तर ताट बाजूला सारावे लागते. ‘मी आपला स्पष्टवक्ता’ असे अभिमानाने सांगणारे आपल्यातले पुष्कळ जण, माझ्यासकट, खारटच असतात.

मी एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी केली. एका सोमवारी, बाजारच्या गर्दीत, एका वृद्ध शेतकऱ्याने पैसे काढण्याची स्लिप पुढे सरकवली. ती त्यांनी कुणाकडून तरी भरून आणली होती. तारीख भलत्याच रकान्यात पडली होती आणि अक्षरी रक्कम लिहायची राहिली होती. मी स्लिप परत ढकलली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “वाचता येत नाही का?” ते शांतपणे म्हणाले, “न्हाई येत, सायेब.” स्लिपच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा अंगठा होता. तो मी पाहिलाच नव्हता. रांगेतले दोघे हसले. माझ्यावर की त्यांच्यावर, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

याहून अवघड गोष्ट अशी की, आदल्याच दिवशी उपासनेत बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय मीच वाचला होता. ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो, त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसांना शाप देतो, असे तिथे म्हटले आहे. माझे उच्चार स्पष्ट होते, अशी दाद उपासनेनंतर मिळाली होती.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने खुनाविषयीची आज्ञा सांगितली आणि लगेच भावाला ‘राका’ म्हणण्याचा विषय काढला. राका हा अरामी शब्द. त्याचा अर्थ रिकाम्या डोक्याचा. एवढ्याशा शब्दाला न्यायसभेच्या दंडाची भाषा कशासाठी, असे मला पूर्वी वाटे. त्या सोमवारनंतर वाटले नाही, कारण “वाचता येत नाही का?” हे राकाचेच शुद्ध मराठी आहे. त्यात शिवी नाही, म्हणून कुणी तक्रारही करीत नाही.

याच्या उलट बाजूचा प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली आणि वैद्यांपायी सगळी पुंजी घालवलेली एक स्त्री गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. तिला आजाराइतकीच लोकांचीही भीती आहे, कारण यहुद्यांच्या नियमशास्त्राने ती अशुद्ध ठरली होती. येशू सगळ्यांदेखत तिला हाक मारतो ती ‘मुली’ अशी. आजार अंगातून गेला होता तो स्पर्शाने. पण त्या गर्दीत तिला पुन्हा माणसांत आणून बसवले ते या एका शब्दाने, असे मी समजतो. ज्या प्रभूलाच योहानाने आपल्या शुभवर्तमानात ‘शब्द’ म्हटले, त्याच्या अनुयायांनी समोरच्याला हाक काय मारावी, याचा विचार तोंड उघडण्यापूर्वी करायला हवा.

पुढच्या महिन्यात ते शेतकरी पुन्हा आले. मी म्हणालो, “या आबा, बसा. स्लिप मी भरतो.” त्यांनी टोपी मागे सारून माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिले आणि काळजीने विचारले, “सायेब, तब्येत बरी हाय न्हवं?”