दांडा वाळका हवा

नमस्कार श्रोतेहो.

घरात हातोडी असेल तर ऐकता ऐकता ती जरा उचलून आणा. लोखंड एका हातात, दांडा दुसऱ्या हातात, आणि हलवून बघा. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. नाही आला तरी बसून राहा, कारण पुढे एका लग्नाची गोष्ट आहे.

विषय आहे हत्याराचा दांडा घरच्या घरी बदलण्याचा. हातोडी घ्या, कुऱ्हाड घ्या, खुरपं घ्या. चांगलं लोखंड आजोबांकडून नातवाकडे येतं. दांडा मात्र मधे कधीतरी मोडतो, तडकतो, ढिला होतो, आणि मग लोक नवी हातोडीच घेऊन येतात. कशाला? दांडा बदला. आणि बदलायचाच असेल तर आपल्या हाताच्या मापाचा करा. दुकानातला दांडा कुणा एका माणसासाठी केलेला नसतो. वर पुन्हा ते चकचकीत वॉर्निश! ते दुकानात शोभेसाठी असतं. तळहाताला घाम आला की त्यावरून हात सरकतो आणि संध्याकाळी फोड दिसतात. नवा दांडा घरी आणला की आधी फुटक्या काचेच्या तुकड्यानं ते खरवडून काढावं. हातात जाड फडकं धरून, अर्थातच. सुतारकाम जवळून पाहिलेल्यांना काचेची ही करामत ठाऊक असेल.

आता लाकूड. आपल्याकडे दांड्याला बाभूळ उत्तम. डोंगराकडच्या लोकांना धावडा आणि तिवस माहीत आहेत, ती तर फारच चिवट. चिंच चालते, बोर चालते. साग नको. सागाचा आपल्याकडे उगाच इतका बोलबाला झालाय की लोकांना प्रत्येक वस्तू सागाची हवी असते. दारं-खिडक्यांना साग हवाच, तो वाकडातिकडा होत नाही. पण सतत बसणारे दणके सोसणं हे त्याचं काम नाही. बाभळीचं आहे.

आणि लाकूड कुठलंही असो, दांडा वाळका हवा. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका. दांडा वाळका हवा. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, पण जाडीत शेकडा पाच-दहा भाग सहज आटतं. म्हणजे आज घट्ट बसवलेला ओला दांडा उद्या आपोआप ढिला. सावलीत वाळवायचं तर इंचभर जाडीला वर्षभर, असा जुना हिशेब आहे.

तर आता ते लग्न.

माझं आजोळ माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. वैशाखात तिथलं ऊन काय असतं हे माणदेशातल्या श्रोत्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी कल्पना करावी. धाकट्या मावशीचं लग्न ठरलेलं. त्या काळी मांडव घरचाच असायचा. आता लोखंडी पाइपांचा मांडव ट्रकमधून येतो, दोन तासांत उभा आणि दोन तासांत गायब, कुणाच्या हाताला काम नाही. तेव्हा चार दिवस सगळं गाव मांडवाखाली राबायचं. दोरांना ताण द्यायला जमिनीत मेखा ठोकायच्या, आणि ठोकायला घरचा २ किलोचा हातोडा.

हा हातोडा ढिला आहे हे मामाला ठाऊक होतं. मामानं त्यावर सगळ्या जगाला माहीत असलेला उपाय केला. रात्री हातोडा पाण्याच्या हौदात सोडून दिला. सकाळी काढला तर दांडा घट्ट, हलता हलेना. मामा खूश.

सकाळी मुहूर्तमेढ झाली. हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, नारळ, सगळं यथासांग. मग मामानं हातोडा घेतला आणि मेखा ठोकायला लागला. दहाच्या सुमाराला उन्हानं जोर धरला. अकराला जमिनीवर अनवाणी पाय ठेववेना. मामाचं ठोकणं चालूच. मांडवाच्या मागच्या बाजूला, भिंतीपलीकडे परसात, आचाऱ्यानं बुंदीचा पाक केला होता. कढई चुलीवरून उतरवून ठेवली होती आणि तो तंबाखू मळायला जरा लांब, लिंबाखाली गेला होता. हे बरं झालं, हे लक्षात ठेवा.

शेवटून दुसरी मेख. मामानं हातोडा पाठीमागून वर उचलला, खाली आणला, मेखेवर दांडा आपटला. नुसता दांडा! लोखंड गेलं कुठे? क्षणभर कुणालाच कळेना. मग भिंतीपलीकडून आवाज आला, ‘डुबुक्’.

लोखंड मागच्या मागे सुटून भिंतीवरून थेट पाकाच्या कढईत.

त्यानंतरचा गोंधळ सांगायला हा कार्यक्रम पुरणार नाही. पाक भिंतीवर, चुलीवर, आचाऱ्याच्या टोपीवर. टोपी खुंटीला होती, डोक्यावर नव्हती. आतून बायका धावल्या. थोरली आत्या म्हणाली, मुहूर्तमेढीच्या दिवशी हे बरं लक्षण नव्हे. कुणी म्हणालं, नारळ पुन्हा फोडा. कुणी म्हणालं, भटजींना गाठा. नवऱ्या मुलाचे काका नेमके बस्त्याचा हिशेब घेऊन आलेले, ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच सगळ्यांना ऐकू येत होतं. मावशी आत रडायला लागली.

मग आजी आली. आजीनं बुंदीचा झारा घेतला, कढईत घातला, ते लोखंड पाकासकट वर काढलं आणि ताटात ठेवलं. मग मामाच्या हातातला दांडा घेतला. त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक चिरडलेलं, कडेनं गोलाई आलेली. आजीनं मामाकडे पाहिलं.

“रातच्याला हौदात घातला हुतास न्हवं?”

मामा गप्प.

“अपशकुन कसला? दांडा वाळलाय. पाण्यानं फुगल्यालं उन्हानं आटनारच की.” आणि आचाऱ्याकडे वळून म्हणाली, “पाक गाळून घे.”

झालं. विषय संपला. पाक गाळला, लाडू वळले, वऱ्हाडानं पंगतीत बसून ते खाल्ले आणि वाढून वाढून मागितले. पंगतीत आग्रह असतो, माणूस खातो. हातात ताट घेऊन उभ्यानं जेवायच्या पद्धतीत कोण कुणाला आग्रह करणार? असो. हातोड्याला मात्र पुढे बरेच दिवस मुंग्या लागायच्या.

पण गोष्ट इथे संपत नाही, माझ्या मते खरी इथे सुरू होते. दुपारी आजीनं सुतारमेस्त्रींना बोलावलं. बलुत्यावर काम करणाऱ्यांच्या पिढीतले. लोखंड लोहारानं घडवायचं, दांडा सुतारानं घालायचा आणि सुगीला दोघांनी खळ्यावरून आपलं धान्य न्यायचं, असा व्यवहार. मेस्त्री आले, चहा घेतला आणि मामाला म्हणाले, “हात दाव.” सकाळपासून शकुन-अपशकुनच चाललेले, त्यामुळे मामानं तळहात वर करून पुढे धरला. मेस्त्रींना हसू आलं. त्यांनी हात पालथा केला, मामाच्या मुठीत सुतळी गुंडाळली आणि बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाला जेमतेम टेकतील इतकं माप धरलं. दांड्याची जाडी तेवढी. त्याहून जाड असेल तर मूठ मिटत नाही, बारीक असेल तर दाबून धरावं लागतं आणि मनगट दुखतं. सुतळी घ्या श्रोतेहो, मुठीत गुंडाळा, आपलं माप आपल्याला मिळेल.

मग लाकूड. मामा उत्साहानं बांधावरची बाभळीची फांदी तोडायला निघाला होता. मेस्त्रींनी त्याला बसवलं. त्यांनी माळ्यावरून नांगराचं मोडकं इसाड काढायला लावलं. इसाड म्हणजे नांगराचा लांब दांडा. तेही बाभळीचंच, पण आजोबांच्या वेळचं, धुरानं काळं पडलेलं, ठणठणीत वाळलेलं. दांडा वाळका हवा! ते त्यांनी करवतीनं उभं कापलं नाही. कुऱ्हाडीनं उभं फोडलं. करवत सरळ जाते, तिला लाकडाच्या रेषेची, म्हणजे तंतूंच्या दिशेची, पर्वा नसते. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनं फुटतं, म्हणून दांड्यातली रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. रेष मधेच बाजूनं बाहेर पडली की दांडा तिथेच मोडणार. तुम्ही दुकानातून दांडा आणाल तेव्हाही हेच बघा. रेषा लांबीभर धावतात का, आणि टोकाकडून पाहिलं तर त्या घावाच्या दिशेनं आहेत का, आडव्या तर नाहीत ना.

पुढे वाकस या सुताराच्या हत्यारानं तासणी. दांडा गोल केला नाही, अंड्यासारखा लांबट केला. का? अंधारात हातोडी उचलली तरी तोंड कुठे आहे ते हाताला कळावं म्हणून. मग काच, मग थोडा पॉलिश पेपर.

आणि मग मेस्त्रींनी जे केलं ते पाहून आम्ही पोरं थक्क झालो. दांडा लोखंडात जरासा अडकवला, हातोडा उलटा धरला, म्हणजे लोखंड खाली, अधांतरी, कशावरही न टेकलेलं. आणि वरून दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी ठोकळ्यानं ठोकू लागले. आम्हाला वाटलं, आता लोखंड खाली पडणार. तर उलट, प्रत्येक ठोक्याला लोखंड दांड्यावर वर वर चढत गेलं! जड लोखंड जागचं हलत नाही, दांडाच त्याच्यात शिरतो. घरी करून बघा. ज्यानं पाहिलं नाही त्याचा विश्वास बसत नाही.

शेवटी पाचर. नेढ्यातून, म्हणजे लोखंडातल्या भोकातून, वर आलेल्या टोकात आधीच करवतीची एक चीर घेतलेली होती, नेढ्याच्या लांबीच्या बाजूनं, साधारण दोन तृतीयांश खोल. त्या चिरेत वाळक्या लाकडाची पाचर ठोकली. लाकूड वरच्या बाजूला फाकलं आणि नेढं गच्च भरलं. नेढं वर रुंद, मधे अरुंद असतं ते एवढ्यासाठीच. तो हातोडा अजून मामेभावाकडे आहे. दांडा तोच.

वेळ बघता आता भराभर सांगतो.

पाण्याचा उपाय करू नका. हा मुद्दा पुन्हा सांगतो, कारण हीच सवय घरोघरी आहे. पाण्यानं लाकूड फुगतं खरं, पण लोखंड सरकत नाही. मग फुगलेल्या लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडतात. वाळल्यावर ते पहिल्यापेक्षाही बारीक होतं. म्हणजे दर वेळी भिजवलं की दर वेळी जास्त ढिलं. पाणी नाही, पाचर.

जुना दांडा काढताना लोखंडाखाली करवतीनं कापा, उरलेल्या तुकड्यात गिरमिटानं दोन-तीन भोकं पाडा आणि खालून वर ठोकून बाहेर काढा. खालून वर, कारण पाचर वरच्या बाजूला असते. दांडा जाळून काढण्यासाठी हत्यार चुलीत घालू नका. कुऱ्हाडीचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही. टिकावाची गोष्ट निराळी, त्याचा दांडा वरून घालतात आणि तो वापरता वापरताच घट्ट होतो, तिथे पाचर लागत नाही.

दांडा शक्यतो उन्हाळ्यात बसवा. मार्च ते मे. हवा कोरडी असताना बसवलेला दांडा पावसाळ्यात थोडा फुगून आणखी घट्ट होतो. भर पावसात बसवलेला पुढच्या उन्हाळ्यात हलतो. दांडा वाळका हवा आणि उन्हाळ्यात बसवायला हवा.

खुरप्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मी उठणार नाही. खुरपणी आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात, दिवस दिवस बसून. आणि बाजारातल्या खुरप्याची मूठ बघा, बोटाएवढी बारीक! ती दाबून धरून धरून बोटं आखडतात. घरातल्या पुरुषांनी ट्रॅक्टरच्या सीटला मऊ कव्हर घालण्याआधी या मुठीकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी नवी जाड मूठ तासून घ्या, तिच्या तोंडाला आधी लोखंडी शेंबी, म्हणजे कडं, चढवा म्हणजे लाकूड फुटणार नाही. मग खुरप्याच्या मुठीत जाणाऱ्या टोकापेक्षा किंचित लहान भोक पाडा. पात्याला ओलं फडकं गुंडाळा, फक्त ते टोक तापवा आणि मुठीत दाबून बसवा. ते आपली जागा जाळत आत जातं. एवढंही नको असेल तर सायकलची जुनी ट्यूब पट्ट्या कापून मुठीवर गुंडाळा, फरक त्याच दिवशी कळेल. माप मात्र जिचं खुरपं तिच्याच मुठीचं घ्या.

शेवटचं, तेल. दांड्याला जवसाचं तेल लावा, पातळ हात, पुसून काढून, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा. जवसाचं तेल हवेत सुकून लाकडात बसतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. पण एक काळजी घ्याच. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडकं उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

नमस्कार.